मावशी वह्या शिवते, मी फोन सांभाळते: प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२५

कामाची वाटणी ठरली. वह्या मावशी बांधणार, सोशल मीडिया मी बघणार. माल दोन प्रकारचा: कॉप्टिक शिवणीची, पाठ उघडी ठेवलेली वही, जी कुठल्याही पानावर सपाट उघडते, आणि कापड चढवलेल्या कडक पुठ्ठ्याची वही. मावशीच्या हातून आठवड्याला सहा होतात, फार ताणलं तर आठ. हा आकडा तिने भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय.

खर्च इथे वह्यांमध्ये मांडणार आहे. ‘दोन वह्या गेल्या’ म्हणजे दोन वह्यांच्या विक्रीएवढे पैसे गेले. मावशीला हीच भाषा कळते, आणि वाचणाऱ्यालाही आपापल्या मालाला लावून बघता येईल.

इन्स्टाग्रामवर व्यवसाय प्रकारचं खातं उघडलं. मावशीला छान काव्यमय नाव हवं होतं, ते आयडीला दिलं. त्याखाली ठळक अक्षरांत जो नावाचा रकाना असतो, तो शोधात धरला जातो, म्हणून तिथे सरळ ‘हाताने शिवलेल्या वह्या’ असं लिहिलं. ते नाव चौदा दिवसांत दोनदाच बदलता येतं, तेव्हा खेळ करत बसू नये. बायोला १५० अक्षरं मिळतात. त्यात काय विकतो, ऑर्डर कशी द्यायची, पाठवायला किती दिवस लागतात, एवढंच. ‘प्रेमाने बनवलेलं’ वगैरे मावशीनेच खोडलं. म्हणाली, “प्रेमाने नाही गं, टोच्याने बनवते.”

११ एप्रिल

काल दिवस मावळताना ट्यूबलाइट लावून फोटो काढले होते. गडद निळं कापड काळं आलं, सायीच्या रंगाचा कागद पिवळट. फोनमध्ये रंग सुधारायला गेले तर निळा ताळ्यावर आला आणि कागद जांभळा झाला. अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

दुखणं फोटोनंतरचं नाहीच, आधीचं आहे. खिडकीतून येणारा उजेड निळसर, दिव्याचा पिवळसर. दोन्ही एकत्र पडले की फोन मधला काहीतरी रंग धरतो आणि एकही बाजू खरी येत नाही. म्हणून सगळे दिवे बंद. टेबल खिडकीच्या कडेला, पण थेट ऊन पडणार नाही असं. वहीच्या दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला, म्हणजे सावलीची बाजू अगदीच काळी पडत नाही. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही पक्के केले. आणि हो, लेन्स पुसली. मावशीची गोंदाची बोटं तिच्यावर होती, म्हणून कालचे सगळे फोटो धुरकट.

आता फोटो टाकण्याआधी कापडाचा तुकडा स्क्रीनशेजारी धरून बघते, दोन वेगवेगळ्या फोनवर. तरीही फरक राहतोच, म्हणून कॅप्शनमध्ये एक ओळ: ‘दिवसा गडद निळा, दिव्याखाली काळसर दिसतो.’ या ओळीमुळे कुणी मागे फिरल्याचं दिसलं नाही.

१९ एप्रिल

पहिली परत आलेली वही. बाईंचा निरोप नम्र होता: “सुंदर आहे, पण मला वाटलं मोठी असेल.” मोजमाप कॅप्शनमध्ये होतं, पण पार शेवटी. कॅप्शनची पहिली साधारण सव्वाशे अक्षरंच दिसतात, बाकी ‘अधिक’ दाबल्याशिवाय उघडत नाहीत. ते कोण दाबतंय?

पण खरी मेख फोटोत होती. ए५ म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर, ए६ म्हणजे १०५ × १४८. ‘ए’ मालिकेत प्रत्येक मापाची लांबी-रुंदी एकाच प्रमाणात असते, त्यामुळे नुसती वही जवळून टिपली तर ए५ आणि ए६ हुबेहूब सारख्या दिसतात. फोटो बघून कुणालाच कळणं शक्य नव्हतं.

यापुढे पहिल्या फोटोत मावशीचा हात, दुसऱ्यात पेन, तिसऱ्यात शिवण जवळून. कॅप्शनची पहिली ओळ मापाची. एक वही आणि येण्या-जाण्याचं पोस्टेज गेलं.

आणखी एक, फोटोच्या चौकटीबद्दल. जानेवारीपासून प्रोफाइलवरची जाळी उभ्या चौकोनांची झाली आहे. चौरस फोटोंच्या दोन्ही बाजू तिथे कापल्या जातात. वही मधोमध ठेवायची, कडेला जागा सोडायची.

२८ एप्रिल

रील. सुरुवातीच्या सगळ्या सपाट पडल्या. तयार वही हळूहळू फिरतेय, मागे मंद संगीत, शेवटी नाव. आकडे उघडून बघितले तर बहुतेक लोक दोन-तीन सेकंदांत पुढे गेलेले. वही फिरताना बघण्यात आहे काय?

प्रसिद्ध गाणी लावावीत असं ओळखीच्या बऱ्याच जणांनी सुचवलं. व्यवसायाच्या खात्याला ती बहुतेक दिसतच नाहीत, कारण त्यांचा परवाना वैयक्तिक वापरापुरता असतो. खातं ‘क्रिएटर’ प्रकारचं केलं की गाणी परत येतात, असाही सल्ला मिळाला. येतात खरी, पण गाणं दिसलं म्हणजे माल विकायला ते वापरायची परवानगी मिळाली असं होत नाही. उद्या आवाज काढून टाकला तर सगळी मेहनत मुकी. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा, तिचा स्वतःचा ध्वनिसंग्रह आहे, तो व्यवसायाला चालतो. त्यातलं एक-दोन लावून बघितलं, लिफ्टमध्ये उभं असल्यासारखं वाटलं.

मग संगीतच काढलं. पंखा बंद केला, फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवला आणि मावशीला नेहमीसारखं काम करू दिलं. मेण चोपडलेला लिननचा दोरा कागदातून ओढला जाताना जो करकरीत आवाज येतो, घडीवरून हाडाची पट्टी फिरवताना जो सुर्रकन येतो, तो फोनला इतका स्वच्छ पकडता येईल असं वाटलं नव्हतं. दृश्यही तेवढंच ठेवलं. सुई घडीतून बाहेर येते, आधीच्या टाक्याखालून वळसा घेते, पुढच्या भोकात शिरते, दोरा ताणला जातो आणि पाठीवर वेणीसारखी साखळी एका दुव्याने वाढते. बस.

सुरुवात दोरा ताणण्याच्या क्षणापासून. आधी सुरुवातीला हात पुसणं, कागद सरळ करणं असं सगळं होतं, ते कापलं. आवाज बंद ठेवून बघणारेही असतात, म्हणून मधोमध दोन ओळींची अक्षरं. खाली टाकू नयेत, तिथे कॅप्शन आणि बटणं येतात आणि मजकूर झाकला जातो.

ही रील आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ पाहिली गेली. ऑर्डर मात्र एकही नाही. ‘किती शांत वाटतं’ अशा कमेंट भरपूर. मावशी म्हणाली, “शांत वाटायला पैसे नाही लागत ना.”

५ मे

किंमत लिहायची की ‘किमतीसाठी मेसेज करा’ म्हणायचं, यावर आमचा बराच वाद झाला. मेसेज वाढले की खातं जिवंत दिसतं, असं माझं म्हणणं. महिनाभर तसं चालवलं. रोज संध्याकाळी बसून तेच उत्तर पुन्हा पुन्हा द्यायचं, आणि किंमत सांगितली की समोरून सामसूम.

आता किंमत कॅप्शनच्या दुसऱ्या ओळीत. मेसेज निम्म्याहून कमी झाले. जे येतात ते ‘निळ्यातली आहे का’, ‘आखीव पानं मिळतील का’ असे येतात. माझी संध्याकाळ मोकळी झाली, हा यातला सगळ्यात मोठा फायदा.

१५ मे

आतापर्यंतची सगळ्यात उपयोगी रील अपघाताने सुचली. एकाने विचारलं, “फाउंटन पेनची शाई फुटते का?” टाइप करून उत्तर देण्याऐवजी मावशीच्या हातात पेन दिलं. जाड निब, भरपूर शाई. एक ओळ लिहिली, एका जागी निब टेकवून ठेवली, मग बोटाने पुसून बघितलं, शेवटी पान उलटलं. मागे अक्षरांची पुसट सावली दिसते, पण शाई आरपार उतरत नाही आणि रेषेच्या कडेला केस फुटत नाहीत. निब टेकवून ठेवली होती तिथे मात्र ठिपका मागे उमटला. तो कापून टाकावा की ठेवावा? ठेवला. कागद १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम) आहे, हे कॅप्शनमध्ये लिहिलं.

लाइक नेहमीएवढेच. पण सेव्ह आणि शेअर यांचे आकडे एकदम वेगळे. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी यंदा जानेवारीत सांगितलं होतं की पाहण्याचा वेळ, लाइक आणि दुसऱ्याला पाठवणं या तीन गोष्टींना क्रम लावताना सगळ्यात जास्त वजन असतं, आणि तुम्हाला न ओळखणाऱ्यांपर्यंत पोचायला पाठवणं जास्त कामाला येतं. आमच्यापुरतं सांगायचं तर, ‘किती शांत’ म्हणणारा माणूस रील कुणाला पाठवत नाही. ‘तू विचारत होतास ना, हा बघ कागद’ म्हणणारा पाठवतो. या रीलमधून त्याच आठवड्यात विक्री झाली, आणि विकत घेणारे सगळे पेनवाले.

तेव्हापासून विषयांची वही वेगळी केली आहे. गिऱ्हाईक जो प्रश्न विचारेल तो तारखेसकट उतरवायचा. सपाट उघडते का, पान फाडलं तर शिवण सुटते का, डावखुऱ्याला चालेल का. प्रत्येक प्रश्नाची एक रील. काय टाकायचं याचा घोर गेला.

हॅशटॅगवर डोकं लावणं याच सुमारास सोडलं. त्यांनी पोहोच फारशी वाढत नाही, हे मोसेरींनीच पूर्वी सांगून ठेवलंय. तीन-चार नेमके लावते: वस्तू, शिवण, कागद.

२३ मे

पैसे देऊन पोस्ट पुढे ढकलायचा प्रयोग. पाच वह्या गेल्या.

पोस्टखालचं ‘बूस्ट’ दाबलं, ध्येय ‘प्रोफाइल भेटी’ ठेवलं, प्रेक्षक ‘आपोआप’. भेटी आल्या, लाइक आले, फॉलोअरही आले. एकाही वहीची विचारणा नाही. यंत्राला आपण भेटी मागितल्या, त्याने भेटी आणून दिल्या. त्याची चूक काय?

दुसरी गोष्ट जास्त झोंबली. बूस्ट आयफोनच्या अ‍ॅपमधून केलं होतं. २०२४पासून तिथून केलेल्या बूस्टवर अ‍ॅपलचं ३० टक्के सेवाशुल्क वरून लागतं. तेच काम ब्राउझरमध्ये इन्स्टाग्राम किंवा फेसबुक उघडून केलं तर लागत नाही. म्हणजे पाचातली एक वही तर या दारातून बाहेर गेली.

मग लहान रक्कम घेऊन अ‍ॅड्स मॅनेजर या मेटाच्या जाहिरातींच्या साधनातून, ब्राउझरवर, ध्येय ‘मेसेज’, आणि जाहिरातीला शाईवाली रील. दोन वह्यांचा खर्च, तीन वह्या विकल्या. कागद, दोरा, कापड धरलं तर उरलं काहीच नाही, पण गेलंही नाही. जी पोस्ट फुकटात चालत नाही तिला पैसे लावून चालवू नये, एवढं मात्र मावशीनेही वहीत लिहून घेतलं.

३ जून

‘आम्ही तुमचं काम आमच्या पेजवर दाखवू, इथे मेसेज करा’ अशा कमेंट प्रत्येक पोस्टखाली पडतात. पैसे घेऊन दाखवतात, आणि दाखवतात कुणाला तर अशाच दुकानदारांना. सरळ काढून टाकायच्या. कमेंटमधले ठरावीक शब्द लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे, तिथे त्यांची नेहमीची वाक्यं टाकून ठेवली.

एका बऱ्यापैकी मोठ्या खात्याने मात्र नीट बोलून वही मागितली. मावशीने जीव ओतून वही केली, खातेवाल्या बाईंचं नाव पुठ्ठ्यावर दाबून उठवलं. त्या बाईंनी स्टोरी टाकली, छान टाकली. स्टोरीचं आयुष्य २४ तास. दुसऱ्या दिवशी तिचा मागमूस नाही. एक वही गेली.

आता कुणी मागितलं तर आधी ठरवून घेते: स्टोरी नको, कोलॅब पोस्ट हवी. ती दोघांच्याही प्रोफाइलवर दिसते आणि टिकते. फुकट वस्तू घेतली आहे हे त्यांनी उघड लिहायचं. यावर निम्मे लोक उत्तरच देत नाहीत. बरंच झालं.

११ जून

स्पर्धा ठेवली: फॉलो करा, मित्रांना टॅग करा, वही जिंका. फॉलोअर धो धो आले. निकाल लावल्यावर आले तसे गेले. जे राहिले ते पुढच्या स्पर्धेची वाट बघत बसलेत, आणि पोस्ट त्यांनाच आधी दाखवली जात असल्यामुळे नंतरचे काही दिवस सगळंच थंड. ज्यांना करायचीच आहे त्यांनी नियम वाचावेत. स्पर्धेचा इन्स्टाग्रामशी संबंध नाही हे लिहावं लागतं, आणि फोटोत जे नाहीतच त्यांना फोटोवर टॅग करायला लावणं चालत नाही.

पुन्हा करणार नाही.

२७ जून

मावशीला ताप. आठवडाभर काहीही टाकलं नाही. पोहोच घसरली, नंतर दोन-तीन पोस्टमध्ये पूर्ववत झाली. या काळात जुन्या रील परत टाकायचा मोह होतो. त्यापेक्षा झोप काढावी.

१४ जुलै

व्यवसाय खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट १० जुलैपासून गूगलसारख्या शोधयंत्रांना दिसू लागल्या आहेत. म्हणजे कॅप्शन आता फक्त फॉलोअरसाठी नाही. ‘सोमवारची सुरुवात’ असल्या कॅप्शनखाली वही कोणाला सापडणार? मागे जाऊन चांगल्या पोस्टच्या पहिल्या ओळी बदलल्या: ‘ए५, कॉप्टिक शिवण, कोरी पानं, फाउंटन पेनला चालणारा कागद.’ फोटोचा पर्यायी मजकूरही भरला. तो मुळात डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी असतो, म्हणून शब्दांची भेळ न करता फोटोत जे आहे तेच वाक्यात लिहिलं.

कंटाळवाणं काम आहे. दोन बैठका लागल्या. फळ कधी मिळेल ते मिळो.

२६ जुलै

हा महिना सगळ्यात वाईट, आणि आकड्यांत सगळ्यात चांगला.

पेनवेड्या लोकांच्या एका गटात कुणीतरी शाईवाली रील टाकली. दोन दिवस फोन थांबला नाही. प्रत्येकाला मी ‘दोन आठवड्यांत मिळेल’ असं सांगत गेले, कारण त्या क्षणी ते खरंच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी यादी केली तर मावशीचं दोन महिन्यांहून जास्तीचं काम. भिंतीवर सहा लिहिलेलं होतं.

मावशी काही बोलली नाही, रात्री उशिरापर्यंत बसायला लागली. कडक पुठ्ठ्याच्या वह्या चिकटवल्यावर वजनाखाली रात्रभर तरी दाबून ठेवाव्या लागतात, आतला ओलावा नीट जाऊ द्यावा लागतो. घाईत त्या लवकर काढल्या. शिवाय पुठ्ठा वाचवायला काही तुकडे आडवे कापले होते. पुठ्ठ्याच्या तंतूंची दिशा वहीच्या पाठीला समांतर हवी. आडवी गेली की गोंदाच्या ओलाव्याने कव्हर कमान धरतं. टेबलावर ठेवली की वही डुगडुगते. अशा काही वह्या तशाच पाठवल्या गेल्या, कारण पाकिटात घालताना सपाट वाटल्या.

फोटो येऊ लागले. एकाने टेबलावर डुलणाऱ्या वहीचा व्हिडिओच पाठवला. सगळ्यांना पैसे परत किंवा नवी वही, ज्याला जे हवं ते. नऊ वह्या गेल्या. ज्यांच्या वह्या सुरूही झाल्या नव्हत्या त्यांना एकेकाला लिहिलं: खरी तारीख ही, थांबता येत नसेल तर पैसे आजच परत. बरेचसे थांबले. ही सगळी पत्रं लिहिताना जाणवलं की पोहोच वाढवायची प्रत्येक युक्ती आपण शिकलो, आणि ती थांबवायची एकही नाही.

रीलखाली पहिली कमेंट पिन केली: ‘सध्या नव्या ऑर्डर बंद.’ चालू असलेली जाहिरात थांबवली. मावशीला तीन दिवस सुट्टी, असं मी जाहीर केलं. तिने दुसऱ्याच दिवशी टोचा हातात घेतला.

९ ऑगस्ट

नवी पद्धत: खेप. ऑर्डर घेऊन वही करायची नाही. वही आधी करायची, वाळवायची, टेबलावर ठेवून डुगडुगते का बघायची, फोटो काढायचे आणि मग विकायला ठेवायची. तीन आठवड्यांची एक खेप, म्हणजे अठरा वह्या. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एक कॅरूसेल, म्हणजे बरेच फोटो एकत्र असलेली, पोस्ट. कॅरूसेलमध्ये आता २० फोटो मावतात, त्यामुळे एक सूचनेचा आणि प्रत्येक वहीचा एक असं बसतं. प्रत्येक फोटोवर क्रमांक. ‘सात नंबर’ असा मेसेज आला की सात नंबर त्याची, आधी येईल त्याला आधी. पैसे आले की कमेंटमध्ये ‘७ गेली’.

पोस्टिंगही यालाच जोडलं. खेप तयार होत असताना शिवणीच्या रील. विक्रीच्या आधीच्या आठवड्यात प्रश्नोत्तरांच्या. आदल्या दिवशी स्टोरी. विक्री झाली की पुढच्या खेपेच्या सुरुवातीपर्यंत प्रसिद्धी बंद, फक्त लोकांनी पाठवलेले वापरलेल्या वह्यांचे फोटो. ही शेवटची गोष्ट मला पटत नव्हती. लोखंड गरम आहे तोवर घण घालावा असं वाटायचं. पण घण घालणारे हात दोनच आहेत आणि ते माझे नाहीत.

पहिली खेप दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जवळजवळ संपली. तीन मागे राहिल्या, सगळ्या मोहरी रंगाच्या. मोहरीचं कापड पुढे घेणार नाही.

२१ ऑगस्ट

विक्रीच्या दिवशी डीएम (इन्स्टावरचे खाजगी मेसेज), कमेंट आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्हीकडून निरोप आल्यामुळे अकरा नंबरची वही दोघांना दिली गेली. आता ऑर्डर फक्त व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर. इन्स्टाच्या बायोत तीच लिंक. अ‍ॅपमधली लेबलं रोजच्या कामाची निघाली: ‘पैसे बाकी’, ‘पाठवायची’, ‘पुढच्या खेपेत हवी’. नेहमीची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये साठवली. तिरकी रेघ आणि एक शब्द टाइप केला की पूर्ण उत्तर येतं.

खेपेची सूचना ब्रॉडकास्टने, म्हणजे एकच निरोप यादीतल्या सगळ्यांना, पाठवते. एका यादीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो पोचतो. पहिल्यांदा निम्म्या लोकांना काही मिळालंच नाही आणि मला वाटलं त्यांना रस नाही. आता वहीच्या पाकिटात एक चिठ्ठी जाते: ‘पुढच्या खेपेची खबर हवी असेल तर हा नंबर सेव्ह करा.’ ज्यांना नकोय ते सेव्ह करत नाहीत, म्हणजे आपोआपच नको त्यांना त्रास नाही.

८ सप्टेंबर

“तुमच्या पोस्टने कॉपीराइटचा भंग झाला आहे, २४ तासांत खातं बंद होईल, हरकत नोंदवायला इथे दाबा.” इन्स्टाग्रामच्या नावाने असा डीएम आला. निळी खूण, अधिकृत वाटणारं नाव, सगळं कसं व्यवस्थित. मावशीने घाबरून फोन माझ्याकडे आणला म्हणून वाचलो. कंपनी अशा नोटिसा डीएममध्ये पाठवत नाही. ईमेल आली असेल तर ती खरी आहे का, हे सेटिंगमधल्या ‘अलीकडच्या ईमेल’च्या यादीत दिसतं. यादीत नसेल तर ती खोटी.

त्याच रात्री द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) चालू केली, एसएमएसवर न ठेवता ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर. बॅकअप कोड कागदावर लिहून मावशीच्या दोऱ्यांच्या डब्यात. खात्याच्या माहितीची प्रत उतरवून घेतली. खातं गेलं तर फॉलोअर गेलेच, पण गिऱ्हाइकांचे नंबर आपल्याकडे हवेत. तेवढे असले तर दुकान चालू राहतं.

२५ सप्टेंबर

चित्रीकरणाने काम अडतंय अशी मावशीची तक्रार होती, आणि रास्त होती. स्टँड तिच्या कोपराच्या आड यायचा, मी ‘जरा परत ओढ ना’ म्हणायचे, आणि परत ओढलेला दोरा सैल पडायचा. आता फोन वरच्या फळीला उलटा टांगलाय. ती बसली की चालू, उठली की बंद. मी मध्ये बोलायचं नाही. एका खेपेच्या कामातून एवढं चित्रण मिळतं की कापायलाच माझा रविवार जातो.

चेहरा दाखवावा असं पुष्कळ जण सांगतात. मावशी नाही म्हणाली, विषय संपला. हातांवर चालतंय.

१४ ऑक्टोबर

पिंटरेस्टवर सुरुवात. तिथे फोटोंच्या पोस्टला पिन म्हणतात. फोटो उभे, २:३ प्रमाणात. इथे लोक शोधत येतात आणि जुना पिनही बऱ्याच दिवसांनी वर येतो, म्हणून खेपेच्या पद्धतीत एक अडचण लगेच दिसली: पिन आज सापडेल, ती वही ऑगस्टमध्येच विकली गेलेली. पहिल्या काही पिनांच्या लिंक सरळ विकलेल्या वह्यांवर जात होत्या. लोक येऊन परत जात होते.

सगळ्या लिंक बदलून एकाच पानावर नेल्या, जिथे पुढच्या खेपेची तारीख आणि यादीत नाव घालायची सोय आहे. पिनही वहीचे न ठेवता कामाचे केले: शिवण जवळून, शाईचा नमुना, ए५ आणि ए६ शेजारी शेजारी हातात धरून. ते विकून संपत नाहीत.

पुढची खेप १ नोव्हेंबरला. मावशीने दोन रंग ठरवलेत, राखाडी आणि विटकरी. विटकरीचा कापडाचा तुकडा खिडकीशी धरून बघितला, फोनवर तो चक्क नारिंगी दिसतोय. उद्या सकाळी परत काढते.